पत्ता, शेरा आणि न मावणारा मजकूर: एक्सेल, गुगल शीट्स की लिब्रेऑफिस कॅल्क?

आंब्याच्या हंगामात देवगड-रत्नागिरीकडे घरोघरी एकच फाईल उघडी असते: नाव, पत्ता, फोन, डझन, शेरा. आकडे कुठल्याही प्रोग्रॅममध्ये निमूट बसतात. घोळ होतो तो पत्त्यात. 'मु. पो. अमुक, तमुक मंदिरामागे, दुसरा मजला, फोन करूनच येणे' एवढं सगळं एका सेलमध्ये (तक्त्यातल्या एका चौकटीत) कोंबायचं, कागदावर छापायचं आणि पेट्या घेऊन जाणाऱ्या गाडीवाल्याला ते वाचताही आलं पाहिजे. तिन्ही प्रोग्रॅम इथे फक्त याच कसोटीवर पाहिले आहेत: लांब मराठी मजकूर आणि त्याची छपाई. बेरीज-वजाबाकी तिघांनाही येते.

एक्सेल विकतचं आहे, पण छपाईवर सगळ्यात जास्त ताबा त्यातच मिळतो. शेजारचा सेल रिकामा असेल तर लांब मजकूर त्याच्यावर पसरतो, भरलेला असेल तर दिसेनासा होतो. मजकूर गेलेला नसतो, झाकलेला असतो. उपाय म्हणून सगळे थेट रॅप टेक्स्ट (मजकूर सेलच्या रुंदीत ओळी मोडून बसवणारं बटण) दाबतात आणि चिंचोळ्या रकान्यात पत्त्याचा मनोरा उभा राहतो. आधी रुंदी ठरवा, तीही कागदावरून. ए-फोर उभा कागद 21 सेंटिमीटरचा. एक्सेलचा नेहमीचा समास दोन्ही बाजूंना 0.7 इंच, म्हणजे हाती राहतात जेमतेम 17.4 सेंटिमीटर. त्यात अनुक्रमांक 1, नाव 3.4, पत्ता 7, फोन 3, डझन 1.5 आणि शेरा 1.5 अशी वाटणी नीट बसते. नेहमीच्या दृश्यात रुंदीचा आकडा म्हणजे मूळ फाँटमधले किती शून्य मावतील ते. मराठी अक्षरांना तो हिशेब लागू नाही. पेज लेआउट दृश्यात गेलात की रुंदी सरळ सेंटिमीटरमध्ये देता येते. एकक इंच दिसत असेल तर ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डखाली पट्टीचं एकक बदला.

रुंदी झाली की रॅप टेक्स्ट, मग कंट्रोल+1 दाबून अलाइनमेंटमध्ये उभी मांडणी 'टॉप' करा. हे राहिलं तर पाच ओळींच्या पत्त्याशेजारी फोन नंबर तळाला जाऊन बसतो आणि कुठला फोन कुणाचा ते कळत नाही. शेवटी ओळीची उंची: ओळीच्या क्रमांकाखालच्या रेषेवर डबल क्लिक. एकदा उंची हाताने ओढली की ती ओळ मजकुराप्रमाणे आपोआप वाढायची बंद होते. डबल क्लिकने पुन्हा सुरू होते. कमाल उंची 409 पॉइंट, म्हणजे सुमारे 14.4 सेंटिमीटर. एका सेलमध्ये 32,767 अक्षरं मावतात खरी, पण दिसायची तेवढीच दिसणार.

एक्सेलची खरी खोड म्हणजे मर्ज केलेले, म्हणजे जोडून एक केलेले सेल. होमस्टेच्या दरपत्रकाखाली 'जेवणाची ऑर्डर आदल्या रात्री द्यावी' छापाची सूचना सहा रकाने मर्ज करून लिहिली, की तिथे उंची आपोआप बसतच नाही. शीर्षकासाठी मर्ज करूच नका; अलाइनमेंटमधलं 'सेंटर अक्रॉस सिलेक्शन' तेच दिसणं देतं. सूचनेसाठी एक जुगाड चालतो. छपाईच्या कक्षेबाहेर, सहा रकान्यांच्या एकूण रुंदीएवढा एक रकाना घ्या, सूत्राने तोच मजकूर तिथे आणा आणि रॅप करा. ओळ त्याच्या मापाने वाढते.

देवनागरीचा त्रास वेगळा. पडद्यावर ठीक दिसणारा पत्ता छापल्यावर त्याच्या शेवटच्या ओळीतले उकार कापले जातात, कारण पडद्याची आणि प्रिंटरची मापं तंतोतंत जुळत नाहीत. फाँट कॅलिब्रीवर ठेवून मराठी लिहिलं तर अक्षरं दुसऱ्याच फाँटमधून येतात आणि अंदाज आणखी चुकतो. निर्मला यूआय किंवा मंगल स्वतः निवडा आणि उंची बसल्यावर तीन-चार पॉइंट वाढवा.

हाच उपद्रव कॅल्क शहाणपणाने मिटवतो. फॉरमॅट सेल्समध्ये बॉर्डर्सखाली पॅडिंग (मजकूर आणि सेलची रेषा यांच्यातली मोकळी जागा) आहे. वर-खाली एक मिलिमीटर दिलं की मजकूर रेषेला चिकटत नाही. एक्सेलमध्ये अशी सोय नाही, फक्त बाजूचा इंडेंट आहे. मजकूर सेलबाहेर जात असेल तर कॅल्क बारीक लाल त्रिकोण दाखवतं. दोनशे पत्त्यांत कुठला अर्धवट दिसतोय ते नजरेनेच कळतं. वर फुकट, आणि पावसात नेट गेलं तरी काम अडत नाही. मर्जची खोड मात्र इथेही आहे.

गुगल शीट्सचा जीव वाटून घेण्यात आहे. बागेतला माणूस फोनवरून डझन भरतो, घरातलं माणूस पत्ता सुधारतं. रॅपिंगचे तीनच पर्याय (ओव्हरफ्लो म्हणजे शेजारी पसरणं, रॅप म्हणजे ओळी मोडणं, क्लिप म्हणजे कडेला कापणं) आणि तेवढे पुरतात. 'मोअर फाँट्स'मध्ये लिपी देवनागरी केली की मुक्तासारखे सुबक फाँट मिळतात. पण रुंदी पिक्सेलमध्ये असल्याने कागदाचा अंदाज येत नाही. छापताना 'फिट टू विड्थ' करावं लागतं आणि रकाने फार असले तर अक्षर मुंगीएवढं होतं. नेटशिवाय वापरायचं असेल तर ऑफलाइनची सोय आधीच चालू करून ठेवा.

व्हॉट्सॲपवरून आलेला चार ओळींचा पत्ता सेलवर एक क्लिक करून पेस्ट केला तर एक्सेल आणि शीट्समध्ये तो त्या सेलपासून खाली चार ओळींत सांडतो, तिथे आधीची नावं असतील तर ती पुसून. आधी एफ2 दाबून सेलच्या आत जा, मग पेस्ट करा. कॅल्क अशा वेळी बहुधा टेक्स्ट इम्पोर्टची खिडकी उघडतं, म्हणजे निदान सावध तरी करतं. सेलमध्ये नवी ओळ हवी तर एक्सेलमध्ये ऑल्ट+एंटर, कॅल्कमध्ये कंट्रोल+एंटर, शीट्समध्ये दोन्ही. नको असलेल्या ओळी काढायला एक्सेलच्या फाइंड-रिप्लेसमध्ये शोधायच्या जागी कंट्रोल+जे दाबा (जागा रिकामीच दिसेल) आणि बदली एक स्पेस द्या. मेनू लिहिताना ओळीची सुरुवात '-सोलकढी' अशी वजाच्या चिन्हाने केली तर एक्सेल ते सूत्र समजून चूक दाखवतं. आधी एकेरी अवतरणचिन्ह टाका.

दहा-बारा पेट्यांचा रोजचा कारभार असेल तर कॅल्क घ्या. तिघेजण एकाच यादीत हात घालत असतील तर शीट्स, आणि छापायची प्रत त्यातून काढून कॅल्कमध्ये मांडा. एक्सेल आधीच मशीनवर असेल तर सोडायचं कारण नाही. फक्त याच कामासाठी विकत घेऊ नये. पेटीवरची लेबलं मात्र तिन्हींतल्या कशातही मांडत बसू नका. यादी इथे ठेवा आणि लेबलं वर्ड किंवा लिब्रेऑफिस रायटरच्या मेल मर्जने (यादीतले पत्ते एकेका लेबलावर आपोआप भरणारी सोय) काढा.