स्वयंपाकघरातला काळा फळा: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या दसऱ्याला आम्ही स्वयंपाकघरातल्या एका भिंतीचा खालचा भाग काळा रंगवला. लेक तेव्हा चार वर्षं दोन महिन्यांची होती. आता पाच पूर्ण व्हायला एक महिना राहिलाय. या नऊ महिन्यांत फळा, दगडी पाटी, बटण दाबलं की पुसली जाणारी एलसीडी पाटी, गिरवायची पुस्तकं, तिकोनी पेन्सिली असं बरंच काही घरात आलं. कशाचा उपयोग झाला आणि कशाचे पैसे वाया गेले, ते सविस्तर लिहिते. ज्यांच्या घरी तीन ते सहा वर्षांचं मूल आहे आणि वही काढली की रडारड सुरू होते, त्यांच्यासाठी हे आहे.

आधी आमची अडचण सांगते. गेल्या वर्षी जूनमध्ये ती छोट्या शिशूत जायला लागली. रोज एक पान ‘अ’ घरून लिहून न्यायचा. ठिपके जोडायचे, ओळ सोडायची नाही, रेघेबाहेर जायचं नाही. पहिले पंधरा दिवस तिनं उत्साहानं केलं. गणपतीपर्यंत अशी वेळ आली, की दप्तर दिवाणामागे लपवलेलं सापडायचं. “माझा हात दुखतो,” हे रोजचं झालं. पण मी घाबरले ते वेगळ्याच कारणानं: तिनं चित्रं काढणंही सोडलं. हातात खडू दिला की म्हणायची, “तूच काढ, मला चांगलं येत नाही.” चार वर्षांच्या मुलीच्या तोंडी हे वाक्य आलंच कुठून, या विचारानं मला रात्री झोप लागेना.

रंगाचं आधी. फळ्याचा काळा रंग हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. अर्धा लिटर घेतला. चार फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच भागाला दोन हात मारूनही थोडा उरला. भिंत आधी घासून गुळगुळीत करून घ्या, नाहीतर खडू खडखडतो. दुसरा हात पहिल्यानंतर एक दिवसानं दिला आणि मग तीन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. लिहायला सुरुवात करण्याआधी खडू आडवा धरून अख्खा फळा पांढरा करायचा आणि कोरड्या फडक्यानं पुसायचा. हे केलं नाही तर पहिली अक्षरं भुतासारखी कायमची दिसत राहतात. खडूच्या धुळीसाठी फडकं ओलं करून पिळून घ्यायचं. स्वयंपाकघर आहे, तेव्हा ही काळजी हवीच. आमचा फळा ओट्यापासून लांबच्या भिंतीवर आहे.

जागा स्वयंपाकघरातली निवडली, कारण आमच्या घरात सगळे तिथेच असतात. मुलांच्या खोलीत फळा लावला असता, तर तिला “जा, लिही” असं म्हणावं लागलं असतं. इथे आम्ही पोळ्या करतो, ती शेजारी खाली बसून रेघोट्या मारते, कुणी कुणाला काही सांगत नाही.

दसऱ्याच्या सकाळी सासूबाईंनी त्यांची जुनी दगडी पाटी काढली आणि एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली. आपल्याकडे पाटीपूजनाला काढतात तीच. लेक पाहत राहिली. मग तिनं पाटीच्या कोपऱ्यात स्वतःचे दोन ‘१’ काढले. एक सरळ, एक उलटा. सासूबाई काही बोलायच्या आत मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या थांबल्या. घरात आम्ही एकच नियम केला होता: तिनं विचारल्याशिवाय सुधारायचं नाही. तो नियम त्या दिवशी पहिल्यांदा पाळला गेला.

पहिला दीड महिना फळ्यावर एकही अक्षर आलं नाही. नुसते गोल, जाळ्या, पाऊस, आणि डोक्यातूनच हात-पाय फुटलेली माणसं. हा काळ सगळ्यात कठीण होता, तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. आत्या घरी आल्या की विचारायच्या, “अजून लिहीत नाही?” पण मुलांचा हात एका क्रमानं तयार होतो. साधारण तिसऱ्या वर्षी गोल जमतो, चौथ्याच्या सुमारास फुलीसारख्या छेदणाऱ्या रेघा, मग चौकोन, आणि पाचव्याच्या आसपास त्रिकोण, कारण तिरपी रेघ सगळ्यात उशिरा हाती येते. हे कळल्यावर मी ‘अ’कडे नव्यानं पाहिलं. वळण, मधली जोडरेघ, उभा दांडा, वर शिरोरेघ! वर्णमालेत पहिला म्हणून आपण तो आधी देतो, पण हाताच्या दृष्टीनं तो अवघडातला अवघड आहे. सासूबाई सहज म्हणाल्या, “आम्हाला आधी ग म भ न शिकवलं होतं.” आकार सारखे, एकातून दुसरं निघतं. जुन्या गुरुजींना हे माहीत होतं. लेकीनं स्वतःहून काढलेलं पहिलं ओळखू येणारं अक्षर ‘ट’ होतं, नंतर ‘र’, मग ‘ग’.

खरा बदल वाण्याच्या यादीनं झाला. सासूबाई यादी कागदावर करायच्या. डिसेंबरात मी त्यांना म्हटलं, फळ्यावर करा, खाली बसून, मोठ्या अक्षरात. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्या पाटावर बसायच्या. तूरडाळ, गूळ, पोहे, साबण. लिहिताना त्या मोठ्यानं म्हणायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी यादीच्या खाली तीन-चार वाकडे आकार दिसले. “हे काय गं?” लेक म्हणाली, “बिस्कीट लिहिलंय. आणा.” मी निरखून पाहिलं. ‘बसकट’ होतं ते. ‘स’ उलटा होता. पण ब, स, क, ट, चारही व्यंजनं हजर आणि बरोबर क्रमानं!

त्या संध्याकाळी बिस्किटं आली. ती आणणं फार महत्त्वाचं होतं, हे मी ठासून सांगते. तिनं लिहिलं आणि जगात काहीतरी घडलं. ठिपके जोडलेल्या शंभर ‘अ’नी हे कधीच घडलं नसतं.

तिथून मग थांबलीच नाही. ‘बब’ म्हणजे बाबा. ‘मल पण द’ म्हणजे मला पाणी दे. बऱ्याच मुलांचं असंच होतं: व्यंजनं आधी ऐकू येतात, काना-मात्रा-वेलांटी मागून येतात. मूल चुकीचं लिहीत नसतं, त्याला जेवढं ऐकू येतं तेवढं लिहीत असतं. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. “चुकीचं वळण एकदा पडलं की जात नाही,” असं त्या म्हणायच्या. त्यांच्या शाळेत चुकलं की हातावर छडी बसायची, तेव्हा त्यांची भीती मी समजू शकते. पण आम्ही एक गोष्ट केली. ती जे लिहील त्याला उत्तर लिहायचं, आपल्या शुद्ध अक्षरात. तिनं ‘मल पण द’ लिहिलं, की मी खाली लिहायचे, ‘हे घे पाणी’. तिचा शब्द खोडायचा नाही, त्यावर गोल करायचा नाही. फेब्रुवारीत एके दिवशी तिनं माझं ‘पाणी’ आणि तिचं ‘पण’ शेजारी पाहिलं आणि विचारलं, “इथे ही उभी काठी का?” काना तिनं असा स्वतः मागून घेतला. मागितल्यावर शिकवायला मला दोन मिनिटं लागली.

वेलांटी अजूनही अडतेय. ऱ्हस्व वेलांटी ऐकू येते नंतर, लिहायची मात्र अक्षराच्या आधी, हे तिला अन्यायाचं वाटतं, आणि तिचं म्हणणं रास्तच आहे. शिरोरेघ ती आधी मारते, दोरी बांधल्यासारखी, मग अक्षरं तिच्यावर वाळत घालते. शाळेत रेघ शेवटी मारायला सांगतात. मी बोलले नाही. उलटी अक्षरंही अधूनमधून येतात. सहा-सात वर्षांपर्यंत ती येणं सर्रास दिसतं, म्हणून मी त्याचा धसका घेतलेला नाही.

एक गंमत ‘ल’ची. तिच्या पुस्तकातला ‘ल’ आपला मराठी, दोन पाकळ्यांचा. माझ्या फोनवर तो दांड्याचा दिसतो. तिनं दोन्ही पाहिले आणि विचारलं, “यातला खरा कुठला?” अशा प्रश्नासाठी मूल अक्षरांकडे किती निरखून पाहत असेल!

आता बाकीच्या वस्तू. एलसीडी पाटी मी स्वस्त म्हणून घेतली आणि ती मला आवडली नाही. बटण दाबलं की सगळं एकदम जातं. एकच अक्षर पुसता येत नाही. लेकीनं अर्धा तास खपून काढलेलं घर तिच्या भावाच्या एका बोटानं गेलं, आणि ती दुपारभर रडली. शिवाय या पाटीवर घर्षण जवळजवळ नाही, काडी नुसती सरकते. दगडी पाटीवर पेन्सिल थोडी अडते, बोटांना जोर लावावा लागतो, हात आपोआप सावकाश होतो. प्रवासात मात्र एलसीडी पाटीचा उपयोग झाला, तेवढा मान तिला देते.

दगडी पाटीबद्दल एक सावधगिरी. लेक पेन्सिल खायला लागली होती. आपल्याकडे हसण्यावारी नेतात, नेऊ नका. पेन्सिल, खडू, माती खाण्यामागे शरीरातल्या लोहाची कमतरता असू शकते. आम्ही डॉक्टरांना दाखवलं, रक्त तपासलं, हिमोग्लोबिन खरंच कमी निघालं. औषध सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांत सवय गेली.

गिरवायची ठिपक्यांची पुस्तकं तीन घेतली होती, तिन्ही कोरी पडली आहेत. तिकोनी पेन्सिल ठीक आहे, पण मला खडूचे आणि मेणखडूचे बोटाच्या पेराएवढे तुकडे जास्त उपयोगी वाटले. तुकडा मुठीत धरताच येत नाही, तीन बोटं आपसूक पुढे येतात. उभ्या फळ्यावर लिहिल्यानं खांदा आणि मनगट दोन्ही कामाला लागतात. याच कारणासाठी मी तिला मटार सोलायला, शेंगा फोडायला, पुरीचे गोळे करायला बसवते. दिवाळीत आजीबरोबर रांगोळी सोडली. चिमटीतून रांगोळी सोडायची त्याहून चांगला बोटांचा व्यायाम मला सापडलेला नाही.

रव्याचं ताटही केलं. ताटात रवा पसरून बोटानं अक्षर काढायचं. आपल्याकडची धुळाक्षरं ती हीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डी गावात काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं, तेव्हा महागडी परदेशी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं यांतून मुलांची साधनं तयार केली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. आपण आज ऑनलाइन किट शोधत बसतो तेव्हा मला त्यांची फार आठवण येते. रवा नंतर चाळून ठेवा, लेकीनं एकदा तो उपम्यासाठी दिला होता.

शाळेचं काय, हा प्रश्न हमखास येणार. मी जानेवारीत तिच्या बाईंना भेटले. भांडायला गेले नव्हते. फळ्याचे फोटो घेऊन गेले. ‘बसकट’ दाखवलं, ‘मल पण द’ दाखवलं. बाईंनी बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, पालकच भरलेल्या वह्या मागतात, पान कोरं गेलं की तक्रार येते. नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि पहिलीत प्रवेश सहा पूर्ण झाल्यावर, हे त्यांनाही माहीत होतं. शेवटी आमचं असं ठरलं: घरून रोज एक ओळ येईल, आणि कधी त्याऐवजी तिनं स्वतः लिहिलेलं काही आलं तरी चालेल. पूर्ण सुटका झाली नाही. पण दप्तर दिवाणामागे जाणं बंद झालं.

फोटो काढून ठेवायची सवय मात्र नक्की लावून घ्या. फळा पुसला की सगळं जातं आणि कालपेक्षा आज काय बदललं ते कळत नाही. मी रोज रात्री, तारखेसह, एक फोटो काढते. मन खचलं की डिसेंबरचा आणि आजचा शेजारी ठेवते. पुसायच्या आधी तिला विचारायचं, हाही नियम आहे. तिचं लिहिलेलं तिचं असतं.

कमी पडलं ते सांगते. कागदावर ती अजून फार लिहीत नाही. फळ्यावरचं मोठं अक्षर वहीच्या रेघेत बसवायला तिला जड जातं, आणि शाळेत शेवटी वहीच पाहतात. मी मार्चपासून ओट्याजवळ पाठकोरे कागद आणि एक जुना खोका टपालपेटी म्हणून ठेवलाय. आठवड्यातून दोन-तीन चिठ्ठ्या पडतात. बहुतेक आजोबांना असतात, आणि आजोबा न चुकता उत्तर देतात. दुसरं म्हणजे, धाकटा दीड वर्षाचा आहे आणि तो खडू तोंडात घालतो. त्यामुळे खडूचा डबा वर ठेवावा लागतो आणि तिला दर वेळी मागावा लागतो. हे मला पसंत नाही, पण उपाय सापडलेला नाही.

आणि पाऊस. ही भिंत बाहेरच्या बाजूची आहे, हे रंगवताना लक्षात घेतलं नव्हतं. जूनच्या शेवटी ओल आली आणि खालच्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे सुटले. तुम्ही रंगवणार असाल तर आतली भिंत निवडा, किंवा रंग प्लायच्या फळीला देऊन ती भिंतीला टेकवा. आम्ही ऑक्टोबरात खरवडून पुन्हा रंगवणार आहोत. उंचीही वाढवावी लागेल, कारण तिचा हात आता काळ्या भागाच्या वर पोचतो. परवा सकाळी पांढऱ्या भिंतीवर, काळ्याच्या एक वीत वर, पेन्सिलनं एक आडवी रेघ मारलेली दिसली. तिच्याखाली बाण, आणि बाणाशेजारी लिहिलं होतं: ‘इत पन रग दया’.

काना कुठे लागतो ते तिला आता माहीत झालंय, पण तो कधी येतो, कधी राहून जातो. मी खाली लिहिलं, ‘हो, देऊया. दसऱ्याला.’