ब्रिज न काढता केलेली डागडुजी: काही महिने वापरल्यावर

माझा वरच्या पुढच्या दातांचा ब्रिज (पडलेल्या दाताच्या जागी, शेजारच्या दातांवर कॅप चढवून बसवलेला जोड) जुना आहे, मेटल-सिरॅमिकचा, म्हणजे आत धातू आणि वर पोर्सेलीन. हिरडी वर सरकली तशी कडेला काळी रेघ दिसायला लागली. मग एका दाताचा टवका उडाला आणि आतला करडा धातू डोकवायला लागला. नवा ब्रिज बसवायचा तर जुना बहुतेक वेळा कापूनच काढावा लागतो, त्यात आधाराच्या दाताला इजा होऊ शकते आणि खर्च वेगळाच. दादरच्या आमच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला. आत कीड नाही, ब्रिज हलत नाही, हे बघून म्हणाल्या, "काढायला नको, आहे त्यावरच करू. पण हे कायमचं नाही हं, नंतर मला बोलायचं नाही."

ब्लीचिंग का नाही, हे मी विचारलंच. कॅपवर त्याचा काही परिणाम होत नाही. शेजारचे खरे दात तेवढे उजळतात आणि कॅप आणखीच मळकी दिसते.

काम एका बैठकीत झालं, सुई लागली नाही. दाताच्या रंगाची शेड आधीच, खिडकीपाशी नेऊन जुळवली, कारण तोंड उघडं ठेवून दात सुकले की ते आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात. मग हिरड्या झाकायला रबराचा पडदा लावला. पोर्सेलीनची चकाकी घासून ते खरखरीत केलं आणि त्यावर हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड लावलं. साध्या फिलिंगच्या वेळचं फॉस्फरिक अ‍ॅसिड पोर्सेलीनवर चालत नाही, आणि हायड्रोफ्लोरिक फार जहाल असतं. पडदा न लावता कुणी ते वापरायला निघालं तर सरळ खुर्चीवरून उठा. धुऊन-सुकवून सायलेन लावलं. पोर्सेलीन आणि वरचं कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंगचं मटेरियल) त्याने सांधलं जातं. उघड्या धातूवर सायलेनची मात्रा चालत नाही, तिथे वेगळा प्रायमर. धातूचा रंग दडवायला ओपेकरचा पातळ थर, त्यावर कॉम्पोझिटचे थर, प्रत्येक थराला निळा लाइट, शेवटी पॉलिश.

आता कसं आहे? टवका उडालेली जागा मलाच शोधावी लागते. काळ्या रेघेची जागा मात्र तितकी जमली नाही. तिथे ओपेकरमुळे दात जरा निर्जीव, खडूसारखा दिसतो, आणि धातूवर चिकटवलेली एक कड मध्यंतरी सुटलीसुद्धा. ती लगेच पुन्हा लावून मिळाली, पण या कामाचा कच्चा दुवा तोच. डाग पडतात, यात वाद नाही. कटिंग चहा आणि हळदीची आमटी दोन्ही आमच्याकडे रोजचीच, त्यामुळे जोडाच्या कडेला पिवळट झाक आली होती. ती पॉलिशने गेली. क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश बाईंनी उगाच वापरू नका म्हणून सांगितलंय, त्यानेही डाग पडतात. पुढच्या दातांनी ऊस सोलणं बंद. (तसं या वयात कोण सोलतंय म्हणा!)

पैसे नव्या ब्रिजच्या मानाने बरेच कमी लागले. दाढेच्या कॅपसाठी मात्र मी हे करून घेणार नाही, तिथे चावण्याचा जोर फार. रात्री दात खाणाऱ्यांनी तर आधी नाइट गार्डचं (झोपताना दातांवर चढवायच्या कव्हरचं) विचारावं. ब्रिजखालून वास येत असेल, थंड-गरम झोंबत असेल किंवा ब्रिज डुगडुगत असेल, तर वरून रंगरंगोटी करून घेऊ नका. तो काढून आत बघायलाच हवं. दुसरं मत हवं असेल तर मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे. जाताना जुने एक्स-रे सोबत न्या.