हनुवटी पुढे आणायची आहे: सिलिकॉन, हाड की फिलर?

मी दातांना तारा लावणारा माणूस. पण हल्ली महिन्याला दोघं-तिघं तरी खुर्चीत बसल्याबसल्या म्हणतात, "डॉक्टर, दातांचं नंतर बघू, ही हनुवटी पुढे येईल का?" पुरावा म्हणून सेल्फी असतेच. ती मी आधी बाजूला ठेवायला लावतो. हातभर अंतरावरून नाक फुगून दिसतं आणि त्यापुढे हनुवटी बिचारी मागे पडते. पाच फुटांवरून दुसऱ्या कुणीतरी काढलेला बाजूचा फोटो आणा, मग बोलू.

त्यानंतर दात मिटायला सांगतो. वरचे दात खालच्यांच्या बरेच पुढे असतील, तर अख्खा खालचा जबडाच मागे असण्याची शक्यता मोठी. त्यावर इम्प्लांट, म्हणजे हनुवटीच्या हाडावर बसवायचा कृत्रिम तुकडा, बसवला तर बाजूने चेहरा सुधारेल, वरच्या-खालच्या दातांची जुळणी मात्र होती तशीच राहील. सोबत घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर झोपेची तपासणी आधी करा. अशांनी जबड्याच्या सर्जनला भेटावं, पुढची तुलना त्यांच्यासाठी नाही.

दात नीट जुळतात, फक्त टोक मागे आहे, अशांपुढे तीन वाटा आहेत.

सर्वांत जास्त विचारणा इम्प्लांटची. घट्ट सिलिकॉनचा अर्धचंद्रासारखा तुकडा, हनुवटीखालच्या घडीत किंवा खालच्या ओठाच्या आतून छेद घेऊन हाडावर बसवतात. साधारण तासाभराचं काम, बऱ्याचदा त्याच दिवशी घरी. बाहेरून छेद घेतला तर बारीक वण राहतो. आतून घेतला तर वण दिसत नाही, पण तोंडातले जंतू आणि अन्नकण जखमेला लागतात. जंतुसंसर्ग झाला तर बहुधा तुकडा काढावाच लागतो. तो सरकू शकतो, एका बाजूला तिरपा बसू शकतो, बारीक चेहऱ्यात त्याची कड बोटाला लागते.

"नाही आवडलं तर काढून टाकू" हे वाक्य मला फार खटकतं, कारण ते अर्धंच खरं आहे. तुकडा निघतो, पण हनुवटी जशीच्या तशी परत मिळेल असं नाही. तुकड्याच्या दाबाने खालचं हाड काही जणांत थोडं झिजलेलं असतं. भोवती तयार झालेलं आवरण आकसतं, ताणलेली कातडी आणि स्नायू सैल पडून हनुवटी खाली ओघळल्यासारखी दिसू शकते. सच्छिद्र पॉलिइथिलीनचं इम्प्लांट असेल तर आणखी अवघड: छिद्रांत ऊती शिरतात, म्हणून ते सहसा सरकत नाही, आणि म्हणूनच काढताना सोलून काढावं लागतं. कुठलं बसवणार, हे स्पष्ट विचारा.

दुसरी वाट जेनिओप्लास्टीची. यात तुमचंच हाड दातांच्या मुळांखाली आडवं कापून पुढे सरकवतात आणि टायटॅनियमच्या पट्टीने स्क्रू मारून बसवतात. पूर्ण भूल लागते, सूज जास्त येते, काही दिवस मऊ खाण्यावर काढावे लागतात. इम्प्लांटने प्रामुख्याने हनुवटी पुढे येते. हाड मात्र पुढे, मागे, खाली किंवा आडवंही सरकवता येतं, त्यामुळे हनुवटी फार उंच, आखूड किंवा वाकडी असेल तर हीच वाट. हाड जुळलं की प्रश्न बहुतांशी मिटतो.

बधिरपणाचा धोका दोन्हींत आहे, हाड कापताना जास्त. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस तिथूनच बाहेर पडते. चहाचा ओघळ हनुवटीवर आला तरी समोरच्याने खुणावेपर्यंत कळत नाही, अशी ती अवस्था. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत ते महिन्यांत परत येते, काहींच्या ओठाचा एखादा भाग कायमचा बधिर राहतो. माझ्याकडे आलेला एक मुलगा बासरी वाजवतो. त्याला मी एवढंच विचारलं, "ओठाची फुंक थोडी चुकली तर चालेल का?" तो बराच वेळ गप्प होता.

तिसरी वाट फिलरची. हायलुरोनिक ॲसिडचं इंजेक्शन, परिणाम साधारण वर्षभर, आणि नको असेल तर एन्झाइम टोचून विरघळवता येतं. खऱ्या अर्थाने मागे फिरता येईल अशी ही एकच वाट, फक्त खर्च पुन्हापुन्हा येतो. पण याला पार्लरातला उपचार समजू नका. औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते. टोचणारी व्यक्ती पात्र डॉक्टर हवी आणि ते एन्झाइम तिच्या हाताशी हवं.

अपेक्षा काय ठेवावी? काही मिलिमीटरचा फरक, पण बाजूने पाहिलं तर तो नजरेत भरतो. नाक लहान भासतं, मान थोडी रेखीव दिसते. गळ्याखालची चरबी मात्र याने जात नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे आरशावर विश्वास ठेवू नका, सूज पूर्ण उतरायला महिने लागतात. कॉम्प्युटरवर दाखवलेला 'नंतर'चा चेहरा हा अंदाज असतो. बाजूचा फोटो कधी न पाहिलेली माणसं तर तुम्हाला विचारतील, "केस कापलेस का?"

निव्वळ दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही. म्हणून दर विचारताना इम्प्लांट काढावं लागलं तर त्याचे पैसे कोण भरणार, हेही लेखी घ्या. बासरीवाल्या मुलाने सध्या फिलर करून बघायचं ठरवलंय, तेही परीक्षा आणि मैफल दोन्ही आटोपल्यावर.