द इव्हालीस क्रॉनिकल्स: जुन्या डावाला नवा आवाज

फायनल फँटसी टॅक्टिक्स या डावपेचांच्या व्हिडिओ गेमचे दोन चाहते एकत्र आले की लढाईतल्या डावपेचांबद्दल त्यांचे लवकर एकमत होते; वाद पेटतो तो इंग्रजी भाषांतरावरून. मूळ जपानी खेळ जून १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आला, जानेवारी १९९८ मध्ये अमेरिकेत त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली, आणि २००७ मध्ये पीएसपी या हातात धरून खेळायच्या यंत्रावर ‘द वॉर ऑफ द लायन्स’ या नावाने तो परत आला तेव्हा संपूर्ण इंग्रजी संहिता नव्याने लिहिली गेली. तेव्हापासून दोन्ही भाषांतरांचे कैवारी आपापल्या जागी ठाण मांडून बसले आहेत. ३० सप्टेंबर २०२५ रोजी स्क्वेअर एनिक्सने बाजारात आणलेली ‘द इव्हालीस क्रॉनिकल्स’ ही आवृत्ती खेळताना माझे लक्ष मुख्यतः याच वादाकडे होते, कारण या आवृत्तीत कथेतले सगळे संवाद प्रथमच कानांवर पडतात, आणि पडद्यावर वाचताना जड वाटणारे वाक्य उच्चारल्यावर कसे वाटते हे आता पडताळून पाहता येते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख आवश्यक आहे. इव्हालीसच्या राज्यात पन्नास वर्षांचे युद्ध पराभवात संपलेले आहे, तिजोरी रिकामी आहे, युद्धात वापरून घेतलेले सैनिक मोबदल्याविना घरी पाठवले गेल्याने बंडखोर झाले आहेत, आणि राजाच्या मृत्यूनंतर लार्ग आणि गोल्टाना हे दोन सरदार सत्तेसाठी एकमेकांवर उठले आहेत. इंग्लंडच्या गुलाबांच्या युद्धाशी असलेले याचे साम्य लपत नाही. या धामधुमीत बिऑल्व्ह या बड्या घराण्यातला धाकटा मुलगा रामझा आणि त्याच घराच्या आश्रयाने वाढलेला, पण कुळाने सामान्य असलेला डेलिटा, या दोन मित्रांच्या वाटा वेगळ्या होतात. कथा सांगतो तो कित्येक शतकांनंतरचा एक इतिहासकार, आणि धर्मपीठाने दडवून ठेवलेले कागद त्याच्या हाती लागल्यामुळेच ती सांगता येते. लेखक-दिग्दर्शक यासुमी मात्सुनो यांनी याआधी ‘टॅक्टिक्स ओगर’मध्येही सत्ता आणि वंश यांचे राजकारण हाताळले होते, इथे त्यांनी सत्ताधाऱ्यांनी लिहिलेली बखर आणि प्रत्यक्षात घडलेले यांतले अंतर हाच कथेचा कणा केला आहे.

अशी कथा पहिल्या इंग्रजी आवृत्तीत ज्या अवस्थेत पोहोचली, तिची चेष्टा आजही होते आणि ती अनाठायी नाही. खेळायला शिकवणाऱ्या पाठांमधली, गुरुजी डॅराव्हन यांच्या तोंडची, काही वाक्ये दोनदा वाचूनही अर्थ लागू देत नाहीत. ड्रॅगनच्या अग्निश्वासाला तिथे चक्क आगीचे कांकण म्हटले आहे, कारण जपानी लिपीत श्वासासाठी लिहिलेला उसना इंग्रजी शब्द भाषांतर करणाऱ्याने कांकणाचे संक्षिप्त रूप समजून वाचला. एका निर्णायक लढाईत समोर डायसडार्ग उभा असताना पडद्यावरचे उद्दिष्ट मात्र डायसडार्गच्या थोरल्या भावाला हरवण्याचा आदेश देते. वास्तविक थोरला भाऊ, म्हणजे रामझाचा थोरला भाऊ, हा स्वतः डायसडार्गच. ज्या कथेत कोण कोणाचा कोण हे समजल्याशिवाय राजकारणाचा एकही धागा सुटत नाही, त्या कथेत असल्या चुका केवळ विनोदी राहत नाहीत.

जोसेफ रीडर आणि टॉम स्लॅटरी यांनी केलेल्या २००७ च्या भाषांतराने हा सगळा कचरा झाडून काढला आणि त्याबरोबर भाषेचा घाटही बदलला. वाक्ये लांब झाली, जुन्या इंग्रजीतली क्रियापदे आणि संबोधने आली, पात्रे रंगमंचावरच्या राजेराण्यांसारखी बोलू लागली. हा घाट अचानक उगवलेला नव्हता. मात्सुनो यांच्याच ‘व्हेग्रंट स्टोरी’च्या इंग्रजी संहितेने २००० मध्ये जुन्या धाटणीचा मार्ग घालून दिला होता, आणि २००६ च्या ‘फायनल फँटसी बारा’च्या भाषांतरात रीडर स्वतः होते. ‘व्हेग्रंट स्टोरी’चे भाषांतरकार अलेक्झांडर स्मिथ हे तिथे त्यांचे सहकारी होते. पात्रांची नावेही बदलली: अल्गसचा आर्गाथ झाला आणि टेटाची टिएट्रा झाली. जॉबच्या, म्हणजे पात्राच्या लढाऊ पेशाच्या, नावांमध्येही विझार्ड जाऊन ब्लॅक मेज आला आणि लॅन्सरचा ड्रॅगून झाला, जेणेकरून मालिकेतल्या इतर खेळांशी ताळमेळ बसावा.

जुन्या भाषांतराच्या कैवाऱ्यांचे म्हणणे मात्र केवळ आठवणींच्या गोडव्यावर उभे नाही, आणि त्याचा पुरावा अगदी सुरुवातीच्या प्रसंगात आहे. ऑर्बोन मठातून राजकन्या ओव्हेलियाला डेलिटा उचलून नेतो तेव्हा १९९८ च्या आवृत्तीत तो जे म्हणतो त्याचा आशय असा: आम्हाला दोष देऊ नकोस, द्यायचा तर स्वतःला दे, नाहीतर देवाला. २००७ मध्ये त्याच जागी तो क्षमा मागतो आणि सांगतो की अपराध तुमच्या जन्माचा आणि श्रद्धेचा आहे, माझा नव्हे. पहिले वाक्य दगडासारखे येऊन आदळते. अनोळखी, निर्दय माणसाच्या तोंडी ते शोभते आणि म्हणूनच ते चाहत्यांच्या तोंडी बसले. दुसरे वाक्य पहिल्या भेटीत थोडे नटवे वाटते. पण पुढे झिएकडेनच्या किल्ल्यावर टिएट्राचे, म्हणजे डेलिटाच्या बहिणीचे, काय झाले हे कळते, सामान्य कुळात जन्मल्याबद्दल तिने कोणती किंमत मोजली हे दिसते, आणि मग राजकन्येला तिच्या जन्मावरून सुनावणारा हा माणूस नेमके कोणते गणित चुकते करत आहे हे लक्षात येते. माझे मत इथे दुसऱ्या भाषांतराकडे झुकते. ते लगेच टाळी घेत नाही, कथेच्या पुढच्या भागावर विसंबून राहते, आणि ही कथा तेवढा विश्वास टाकावा इतकी भक्कम आहे.

त्या भाषांतराचा खरा दोष वेगळाच आहे आणि त्याची चर्चा कमी होते: त्यात जवळजवळ सगळेच सारख्याच डौलाने बोलतात. बंडखोर मिलुडा सरदारांच्या मुलांना जाब विचारते, कुळाचा ताठा मिरवणारा आर्गाथ सामान्य माणसांना जनावरांच्या पंक्तीला बसवून त्यांना देवही नाकारतो, आणि तरीही दोघांच्या वाक्यांची वीण एकाच मागावर काढलेली वाटते. वर्गभेद हाच ज्या कथेचा विषय आहे, तिच्यात तो बोलण्यातून कानाला जाणवू नये ही मोठी उणीव होती.

नव्या आवृत्तीने नेमकी हीच उणीव बऱ्याच अंशी भरून काढली आहे. तिच्यात एन्हान्स्ड आणि क्लासिक असे दोन स्वतंत्र खेळ आहेत. एन्हान्स्डसाठी मात्सुनो यांनी स्वतः संवादांवर पुन्हा हात फिरवला, काही भर घातली, आणि संपूर्ण कथा नटांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली. इंग्रजी संहितेचा पाया २००७ च्याच भाषांतराचा असला तरी ती बोलण्याच्या अंगाने सैल केलेली जाणवते. मिलुडाचा संताप दातांतून फुटतो, आर्गाथचा तुच्छपणा इतका सहज वाटतो की चीड येते, आणि लांबलचक वाक्ये योग्य जागी श्वास घेतल्यामुळे अचानक सोपी होतात. इंग्रजी ज्यांची रोजची भाषा नाही अशा खेळाडूंना जुन्या धाटणीचे इंग्रजी वाचताना जो त्रास होत असे, तो ऐकताना पुष्कळ कमी होतो. लढाई चालू असतानाही कोण कोणासमोर उभा आहे हे पाहून पात्रे चार शब्द बोलतात. झिएकडेननंतर डेलिटा अनेक प्रसंगांत जे बोलत नाही, ते त्याच्या थंड, सपाट स्वरातून कळते. तेवढ्यासाठीसुद्धा ही आवृत्ती घ्यावी असे मी म्हणेन.

लढाईबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिची थोरवी सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. उंचसखल चौकटींचा पट, प्रत्येक मोहऱ्याच्या वेगानुसार येणारी पाळी, पाठीमागून किंवा बाजूने केलेल्या वाराचे महत्त्व, आणि वीस जॉबमधून हवे ते कसब उचलून दुसऱ्या जॉबला जोडण्याची मुभा, हे सारे आजही खिळवून ठेवते. जादूचा मंत्र म्हणायला वेळ लागतो आणि तेवढ्यात शत्रूने जागा सोडली तर मंत्र रिकाम्या चौकटीवर फुटू शकतो. पूर्वी हा हिशेब करायला वेगळी यादी उघडावी लागे, आता पाळ्यांचा क्रम सतत डोळ्यांसमोर असतो आणि चुकीची सबब उरत नाही. पडलेला साथीदार तीन पाळ्यांत उठवला नाही तर कायमचा जातो, हा कडवट नियम कायम आहे. रिओव्हानेसच्या किल्ल्यात विग्राफ या शत्रूशी रामझाला एकट्याने लढावे लागते आणि लगेच पुढची राक्षसी लढाई समोर येते. या लढायांच्या तोंडावर एकुलत्या एक सेव्ह फाइलवर सेव्ह करून कित्येकांचा संपूर्ण खेळ तिथेच अडकला होता. ऑटोसेव्हमुळे तो सापळा आता सैल झाला आहे, आणि काठिण्याच्या तीन पातळ्या दिल्यामुळे कथेसाठी आलेल्या माणसाला तिथे हात टेकावे लागत नाहीत. ओर्लँडो हा अतिबलाढ्य साथीदार हाती आल्यानंतर मात्र पूर्वीप्रमाणेच निम्म्या लढायांतला दम निघून जातो. (चाहत्यांना हे मान्य असते, पण त्याला बाजूला बसवायला कोणी तयार नसते.)

हितोशी साकिमोतो आणि मासाहारू इवाता यांचे संगीत आहे तसेच भारदस्त आहे. चित्रांवर फिरवलेला गुळगुळीत हात मला फारसा रुचला नाही. अकिहिको योशिदा यांच्या बुटक्या, बिननाकाच्या पात्रांना धारदार कडाच शोभतात.

दोन गोष्टींबद्दल मात्र निर्मात्यांना सूट देता येत नाही. पीएसपीच्या आवृत्तीत वाढवलेले डार्क नाइट आणि अनियन नाइट हे जॉब, तसेच बाल्थियरसारखे पाहुणे साथीदार इथे नाहीत. मूळ रचनेशी प्रामाणिक राहायचे ठरवले तर हा निर्णय समजू शकतो. पण ज्यांनी त्या जॉबच्या मागे रात्री घालवल्या त्यांना तो पटणार नाही. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. मूळ सोर्स कोड जपून ठेवलेला नसल्यामुळे दिग्दर्शक काझुतोयो माएहिरो यांच्या चमूला जुन्या आवृत्त्या तपासत हा खेळ पुन्हा उभा करावा लागला. जतनाच्या नावाने एवढी खटपट केल्यावर क्लासिकमध्ये चित्रे आणि मांडणी १९९७ ची, पण इंग्रजी मात्र २००७ चे, असा मेळ घातला आहे. १९९८ ची संहिता सदोष असली तरी इंग्रजी वाचणाऱ्या एका पिढीने हा खेळ त्याच शब्दांत ओळखला, आणि त्या शब्दांची दुसऱ्या भाषांतराशी शेजारी ठेवून तुलना करण्याची संधी याच आवृत्तीत सहज देता आली असती. सेटिंगमध्ये भाषांतर निवडण्याचा एक पर्याय पुढच्या अपडेटमध्ये आला, तर क्लासिक हे नाव त्या भागाला खऱ्या अर्थाने लागू पडेल. तोपर्यंत जुने भाषांतर वाचू इच्छिणाऱ्याला प्लेस्टेशनची जुनी आवृत्तीच शोधावी लागेल.