डिचोलीतल्या भट्टीचा पाव

गोव्यातल्या डिचोली बाजाराच्या मागची ही पावाची भट्टी अजून लाकडावर चालते. पहाटेची पहिली खेप गाठा. उंडो, म्हणजे गोल पाव, वरून कडक, आत लुसलुशीत. पोयीला, म्हणजे पोकळ चपट्या पावाला, कोंड्याचा खरपूस थर आणि पोट असं फुगलेलं की पातळभाजी भरली तरी फुटत नाही. बांगडीसारखी कडक कांकणं चहात बुडवायला उत्तम. कातरीने कापून आकार दिलेल्या कातऱ्या पावाचं बूड मात्र अधूनमधून करपतं. सुरेत, म्हणजे माडीत, पीठ आंबवायचे दिवस गेले, आता यीस्टच. तो जुना आंबूसपणा नाही, पण तो आता मिळतो तरी कुठे?

भट्टी मूळची एका ख्रिस्ती कुटुंबाची. मुलं परदेशी गेली, म्हणून त्यांनी ती चालवायला दिली. मळणारे, भाजणारे तिघेही बिहारचे. पोयीचं पीठ किती सैल हवं ते म्हाताऱ्या मालकिणीने शेजारी उभं राहून शिकवलं. सायकलवर भोंगा वाजवत येणारा पोरगा "बाय, पोयी जाय?" (बाई, पोयी हवी?) असं कोंकणीत विचारतो आणि मुसळधार पावसातही पाव कोरडा पोचवतो.

ही माणसं कोण, हे मुद्दाम लिहिते आहे. 1 मे 2023 ला, कामगार दिनीच, मुख्यमंत्री प्रमोद सावंत म्हणाले की गोव्यातले सुमारे 90 टक्के गुन्हे बिहार, उत्तर प्रदेशासारख्या राज्यांतून आलेले मजूर करतात. पुढे त्यांनी खुलासा केला की रोख सगळ्या मजुरांवर नव्हता, लेबर कार्ड सक्तीचं व्हावं एवढंच सांगायचं होतं. पण खुलासा कोण लक्षात ठेवतो? आकडा राहतो. हे 90 टक्के कशाचे? अटकेचे, की कोर्टात शाबीत झालेल्या गुन्ह्यांचे? आणि नगरनियोजन कायद्याच्या 17(2) आणि 39अ कलमांखाली जमिनींचे झोन, म्हणजे वापराचे ठरलेले प्रकार, बदलले गेले, तेव्हा डोंगर विकत घेणारा बाहेरचा धनिक सत्ताधाऱ्यांच्या भाषणात मला कधी भेटला नाही. तिथे भेटतो तो फक्त भाड्याच्या खोलीतला मजूर.

मला हे जास्त लागतं, कारण माझे वडील गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात सावंतवाडीहून इथल्या मराठी शाळेत मास्तर म्हणून आले. सरकार महाराष्ट्रात विलीन व्हायला निघालेल्या मगोचं (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं) असूनही, बाहेरच्या मास्तरांनी गोंयकारांच्या नोकऱ्या खाल्ल्या असं त्यांना तोंडावर ऐकावं लागे. 16 जानेवारी 1967 च्या ओपिनियन पोलमध्ये, म्हणजे जनमत कौलात, महाराष्ट्रातलं विलीनीकरण 34,021 मतांनी हरलं, तरी आमच्या मागचं 'घाटी' (घाटापलीकडचे, बाहेरचे) हे हिणवणं काही सुटलं नाही. आज आमच्याच घरातली तरुण मंडळी जेवताना "हे बिहारी सगळे चोर" म्हणतात, आणि समोर ताटात त्याच बिहाऱ्यांनी भाजलेली पोयी असते. मी तिथल्या तिथे बोलते. बोलायलाच हवं.

भट्टीवर रोख आणि यूपीआय दोन्ही चालतं. नाताळच्या आठवड्यात जास्त उंडे लागणार असतील तर आधी सांगून ठेवा. छठपूजेला तिघेही गावी जातात, तेव्हा भट्टी बंद असते.