नेट स्लो आहे म्हणून कस्टमर केअरला फोन केला आणि ६८,३९८ रुपये गेले

मी अडाणी नाही हे आधी सांगते. अकरावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवते, पाच वर्षं झाली ऑनलाइन क्लास घेतेय, घरातल्या सगळ्यांना ओटीपी कुणाला द्यायचा नाही हे मीच सांगत आलेय आणि सासऱ्यांच्या मोबाइलवर लॉटरीचे मेसेज आले की ते उडवणारीही मीच. त्यामुळे "असं कसं कळलं नाही तुला" हे नवऱ्याने, जावेने, बँकेतल्या पोराने आणि पोलीस स्टेशनातल्या हवालदाराने, सगळ्यांनी म्हणून झालंय, तेवढं सोडून बोला.

झालं असं की मार्च २०२५ मध्ये दोन आठवडे आमचं नेट मेलेल्यासारखं चाललेलं. प्लॅन १०० एमबीपीएसचा, स्पीड टेस्ट केली की ७, ८, कधी ५. सकाळी जरा बरं असायचं, संध्याकाळी ६ नंतर क्लास चालू झाला की माझा चेहरा फ्रीज आणि पोरं चॅटवर "मॅम आवाज येत नाही". कंपनीच्या ॲपवर तक्रार टाकली, ४८ तासांत निवारण होईल असा मेसेज आला, आणि ४८ तासांनी "आपली तक्रार निवारण झाली आहे" असाही आला. कुणी आलं नाही, कुणाचा फोन नाही. परत टाकली, परत तेच. ॲपमधल्या नंबरवर फोन केला की १ दाबा, ४ दाबा, आणि मग कट. एकदा खरा माणूस लागला तर म्हणतो, मॅडम, ८ येतंय म्हणजे नेट चालू आहे ना. (नंतर वाचलं, २०२३ पासूनच्या सरकारी व्याख्येप्रमाणे २ एमबीपीएस डाउनलोड मिळालं की त्याला ब्रॉडबँड म्हणता येतं. म्हणजे तो काही खोटं बोलत नव्हता. पैसे मात्र १०० चेच घेतात.)

तर मंगळवार, संध्याकाळचे सव्वासहा, ७ ला क्लास, परीक्षा तोंडावर. मी सर्चमध्ये कंपनीचं नाव आणि पुढे कस्टमर केअर नंबर असं टाकलं. वरच नंबर, कंपनीचा लोगो, खाली स्टार. लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. खरं तर इथेच कळायला पाहिजे होतं, कुठलं कस्टमर केअर दुसऱ्या रिंगला फोन उचलतं? पण दोन आठवडे १ दाबा ४ दाबा केलेल्या माणसाला पलीकडून कुणी नुसतं "नमस्कार मॅडम" म्हटलं तरी बरं वाटतं. आणि चक्क मराठीत बोलत होता, अगदी व्यवस्थित.

आता जे लिहितेय ते लिहिताना अजून पोटात कालवतं. त्याचं पहिलं वाक्य होतं, "हां मॅडम, कुठल्या कंपनीचं कनेक्शन आहे आपलं?"

परत वाचा. मी त्या कंपनीला फोन लावलाय, आणि कंपनीचा माणूस मला विचारतोय की कंपनी कुठली. आणि मी सांगितली! जराही न थांबता, एका दमात कंपनीचं नाव, प्लॅन, किती दिवस स्लो आहे, सगळं. खरा कस्टमर केअरवाला आधी रजिस्टर्ड मोबाइल नाहीतर कस्टमर आयडी विचारतो, ह्याने शेवटपर्यंत तो विचारलाच नाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला ते ६८ हजार आठवत नाहीत, हा प्रश्न आठवतो. हे ठग एका वेळी दहा-बारा कंपन्यांच्या नावाने तसले नंबर टाकून बसलेले असतात, कुणाचं गिऱ्हाईक लागलंय हे त्यांना विचारावंच लागतं. सरळ गणित आहे आणि मी गणित शिकवते.

पुढे त्याने अगदी शास्त्रशुद्ध चालू केलं. नेटच्या बॉक्सवर कुठले दिवे लागलेत, एलओएसचा (लाइनचा सिग्नल गेला की लागतो तो) लाल आहे का (नव्हता), बंद करून ३० सेकंदांनी चालू करा. मग लॅपटॉपवर ती कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडायला लावली आणि नेटस्टॅट टाइप करून एंटर मारायला सांगितलं. भराभर आकड्यांची यादी खाली सरकायला लागली. "मॅडम, तिसऱ्या कॉलमवर काय लिहिलंय वाचा." फॉरेन ॲड्रेस. "आणि त्याच्या पुढे?" एस्टॅब्लिश्ड, एस्टॅब्लिश्ड, एस्टॅब्लिश्ड. दोन सेकंद शांत राहिला हो तो, डॉक्टर रिपोर्ट बघून गप्प बसतात ना, तसा. मग म्हणे, "मॅडम तुमच्या लाइनवर १४ फॉरेन आयपी बसलेत, तुमचा स्पीड तेच खातायत."

आता माहितीये म्हणून सांगते, फॉरेन ॲड्रेस म्हणजे परदेशी कुणी नाही. तुमचा कॉम्प्युटर ज्या ज्या बाहेरच्या मशीनशी बोलतो, मेल असो, व्हिडिओ असो, बँकेची साइट असो, ते सगळे त्या कॉलममध्ये दिसतात. नेट चालू असलेल्या कुणाच्याही लॅपटॉपवर ही यादी येणारच. पण त्या वेळी तो शब्द वाचून माझे हातपाय गार पडले, एवढं खरं.

मग म्हणाला पोर्ट रिफ्रेश करावा लागेल, पाच रुपये चार्ज आहे, व्हॉट्सॲपवर कंपनीचं सपोर्ट ॲप पाठवतो. एपीके फाइल आली, म्हणजे प्ले स्टोअरला वगळून थेट ॲप टाकायची फाइल. डाउनलोडच होईना, आमचं नेट ते! तर म्हणतो, "वायफाय बंद करा मॅडम, मोबाइल डेटा चालू करा." आणि मी वायफाय बंद केलं. वायफाय दुरुस्त करायला फोन केला आणि दुरुस्तीसाठी वायफायच बंद केलं! कपाळ माझं. फोनने वॉर्निंग दिली की हे ॲप घातक असू शकतं, तो म्हणाला कंपनीचं इंटर्नल ॲप आहे म्हणून तसं येतं. ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, दिली. डिफॉल्ट मेसेज ॲप करू का विचारलं, हो केलं. माझं लक्ष घड्याळाकडे, ६.४० झालेले. एपीके व्हॉट्सॲपवर आली की कुणाकडूनही असो, लग्नाची पत्रिका असो नाहीतर वीजबिल, हात लावू नका.

ॲपमध्ये फॉर्म होता, नाव, मोबाइल, डेबिट कार्ड, मागचे तीन आकडे. पाच रुपये. पे दाबलं, गोल गोल फिरलं आणि "ट्रान्झॅक्शन फेल". तो म्हणाला काही हरकत नाही मॅडम, रिफ्रेश तरी टाकलाय, दोन तासांत स्पीड येईल. मी त्याला थँक्यू म्हणाले. वर "तुमच्यासारखी माणसं हवीत" असंही म्हणाले, हे मी घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

७ ला क्लास घेतला, नेट होतं तसंच. पावणेनऊला मेल उघडला तर बँकेचे तीन मेल. ६.४७ ला २४,९९९. ६.४९ ला २४,९९९. ६.५२ ला १८,४००. एकूण ६८,३९८. मोबाइलवर एकही मेसेज नाही, कारण सगळे मेसेज ते ॲप गिळत होतं, ओटीपीसकट. मी ओटीपी कुणालाही दिलेला नाही, हे मी शपथेवर सांगेन. आणि ज्या पाच रुपयांपायी हे सगळं झालं ते पाच रुपये आजपर्यंत कटलेले नाहीत.

कार्ड ब्लॉक केलं, फोन एअरप्लेन मोडवर टाकला, नवऱ्याच्या मोबाइलवरून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला. हे मात्र लक्षात ठेवा, आधी १९३०, मग रडारड. तिथल्या बाईंनी शांतपणे एकेक व्यवहाराचा नंबर लिहून घेतला, तक्रारीचा नंबर आला, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की तिसऱ्या व्यवहारातले १८,४०० पुढच्या खात्यात होल्ड झालेत. आधीचे दोन म्हणजे ४९,९९८ पुढे निघून गेलेले. मी दोन तास उशिरा फोन केला. पाऊणेक तासात केला असता तर कदाचित तेही अडकले असते.

आणि मग सुरू झाले हेलपाटे. जवळच्या पोलीस स्टेशनला गेले, ते म्हणाले हे सायबरचं आहे. सायबरला गेले, ते म्हणाले एवढ्या रकमेसाठी तुमचं पोलीस स्टेशन. परत आले. मी वाचून गेले होते की जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात हद्द कुठलीही असली तरी एफआयआर घ्यायला लागतो, तसं म्हणाले, तर हवालदार माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "ताई, एवढं माहितीये तर मग फसलात कशा?" काय बोलणार. मग कळलं की आयटी ॲक्टच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टरच्या खालचा माणूस करू शकत नाही, आणि पीआय साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी मीटिंगला. तिसऱ्या दिवशी भेटले तर म्हणाले बँकेचं स्टेटमेंट सही-शिक्क्याचं आणा. बँकेत गेले तर म्हणतात मॅडम आता सगळं ऑनलाइन आहे, शिक्का कशाला? पोलिसांना हवाय हो! मग त्या शिक्क्यासाठी दीड तास, कारण शिक्का ज्यांच्याकडे त्या मॅडम जेवायला गेलेल्या.

बँकेची तर वेगळीच कथा. मी तीन तासांच्या आत कळवलंय, रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या सर्क्युलरमध्ये लिहिलंय की ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची, आणि तक्रार ९० दिवसांत निकाली काढायची. बँकेचं उत्तर आलं चार ओळींचं, ओटीपी टाकून व्यवहार झाला आहे, सबब ग्राहकाचा निष्काळजीपणा, दावा अमान्य. "सबब"! माझ्याच पैशांवर व्याज कमावून मला सबब सांगतात. आता बँकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे टाकलंय, त्यांच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर ते फुकट होतं, वकील लागत नाही, फक्त आधी बँकेकडे लेखी तक्रार हवी आणि त्यांनी नाकारली किंवा ३० दिवस गप्प बसले तरच तिथे घेतात. म्हणून बँकेशी तोंडी काहीही बोलू नका, सगळं मेलवर.

आणि तुमच्या डेबिट कार्डावर ऑनलाइनची लिमिट किती आहे ते आत्ता जाऊन बघा. माझी ७५ हजार होती, मी ती कधी ठरवलीच नव्हती. २०२० पासून ही लिमिट आपल्याला कमी करता येते, बंदही करता येते. आता ३ हजार ठेवलीये.

ब्रॉडबँड कंपनीला कळवलं की तुमच्या नावाने खोटा नंबर फिरतोय. "तो आमचा नंबर नाही." अहो तेच सांगतेय! त्यांचा खरा नंबर बिलावर आहे आणि बॉक्सच्या खाली चिकटवलेल्या स्टिकरवर, तोही इतका बारीक की भिंग लागेल. नंबर तिथूनच घ्या. सर्चमधून, मॅपवरून, कुठूनही घेऊ नका.

आता नेटचं. चार दिवसांनी भाचा आला, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, मावशी, आधी लाइन चांगली आहे का घरातलं वायफाय खराब आहे ते वेगळं कर. बॉक्समधून लॅपटॉपला वायर लावली आणि टेस्ट केली, ९४. परत केली, ९३. म्हणजे लाइन ठणठणीत, कंपनीने तक्रार बंद केली ती बरोबरच केलेली. (न बघता केली ती गोष्ट वेगळी.) मग वायर काढून मोबाइल हातात घेऊन घरभर फिरला. हॉलमध्ये ८५, माझ्या खोलीत ७. आणि माझ्या टेबलामागे वाकून त्याने सॉकेटमधून एक पांढरा डबा उपटून काढला. जुन्या कनेक्शनच्या वेळी लावलेला रिपीटर, वायफाय लांबच्या खोलीत पोचवायला लावतात तो! नाव-पासवर्ड तेच ठेवलेले, त्यामुळे माझा लॅपटॉप इमानेइतबारे त्यालाच चिकटत होता. तो वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालणारा, म्हणजे संध्याकाळी बिल्डिंगमधले सगळे घरी आले की तीच गर्दी, त्यात एकाच रेडिओवर घ्यायचं आणि पुढे द्यायचं, म्हणून होता तो स्पीडही निम्मा. डबा काढला, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर टाकला, माझ्या खोलीत ५८. भिंती आड येतात म्हणून तेवढाच, पण क्लासला ५८ म्हणजे डोक्यावरून पाणी.

वेळ लागला दहा मिनिटं. खर्च शून्य. भाच्याने दोन कप चहा घेतला फक्त.

आणखी एक त्याने सांगितलं, स्पीड टेस्ट एमबीपीएसमध्ये म्हणजे मेगाबिटमध्ये दाखवते आणि डाउनलोड एमबीमध्ये म्हणजे मेगाबाइटमध्ये, आठ बिटांचा एक बाइट, तर आठने भागायचं. १०० चा प्लॅन असेल तर फाइल साडेबारा एमबीनेच उतरणार, त्यावर कुणाशी भांडायला जाऊ नका. आणि महिन्याचा कोटा संपला असेल तरी स्पीड पाडतात, ते ॲपवर दिसतं, आधी ते बघा. ही सगळी माहिती फुकट उपलब्ध होती. मी विचारलं कुणाला, तर त्या फोनवरच्या ठगाला.

मागच्या आठवड्यात नवऱ्याच्या मोबाइलवरून तोच नंबर लावून बघितला. उचलला, दुसऱ्या रिंगला. मी काही न बोलता ठेवला आणि नंबर संचार साथी या सरकारी साइटवरच्या चक्षूवर, म्हणजे संशयित कॉलची तक्रार करायच्या सोयीवर, टाकला, स्क्रीनशॉट पीआय साहेबांना व्हॉट्सॲप केला. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

होल्डवरचे १८,४०० सोडवायला कोर्टाची ऑर्डर लागणार म्हणे. त्यासाठी उद्या परत पोलीस स्टेशनला, एफआयआरच्या कॉपीचे दोन सेट, स्टेटमेंट शिक्क्याचं, आधारची झेरॉक्स, सही केलेली. सकाळी ११ ला बोलावलंय, साहेब असले तर.