मरीन टँकच्या बॅकअपच्या नावाखाली आमची झालेली फसवणूक, घर बंद करून जाण्याआधी वाचा

घरी मरीन टँक, म्हणजे समुद्री माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक असलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितेय, खास करून जे थोड्या दिवसांत घर बंद करून कुठे जाणार आहेत त्यांच्यासाठी. लाइट गेली तरी टँक चालू राहील असा बॅकअप बसवून देतो आणि तुम्ही नसताना रोज येऊन बघून जातो असं सांगणारे लोक असतात, त्यातले कितीतरी प्रामाणिकही असतील, पण आमच्या वाट्याला जो आला त्याने दोन्हीकडून फसवलं. बॅकअपही खोटा आणि त्याचं रोजचं येणंही खोटं. तक्रार चालू आहे म्हणून नाव देत नाही, पण त्याने हे कसं केलं ते सगळं सांगते, कारण असं कोणीही कोणाच्याही घरी करू शकतं.

आमचा टँक साधारण ३०० लिटरचा, खाली संप (फिल्टरची खालची टाकी), तिथून पाणी वर पाठवणारा रिटर्न पंप, पाणी हलतं ठेवणारे दोन वेव्हमेकर, फेसातून घाण काढणारा स्किमर आणि हीटर. त्यात क्लाउनफिशची जोडी, एक पिवळा टँग, एक फायरफिश, दोन क्लीनर श्रिम्प (कोळंबीसारखे), एक मोठं ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री जीव) आणि हळूहळू वाढवलेले कोरल, म्हणजे प्रवाळ. हा माणूस आधीपासून आमच्याकडे मेंटेनन्सला यायचा, पाणी बदलायचा, स्किमर धुवायचा, काम चांगलं करायचा. आम्हाला बरेच दिवस बाहेर जायचं होतं आणि लाइटचा भरवसा नव्हता, तेव्हा तोच म्हणाला की ताई, तुम्ही बिनधास्त जा, मी १०० एएचचा (एएच म्हणजे अँपिअर अवर, बॅटरीची क्षमता) बॅकअप बसवून देतो, पंप, वेव्हमेकर, हीटर सगळं आरामात १२ तास चालेल, आणि मी सकाळ संध्याकाळ येऊन फोटो पाठवीन.

काळा चौकोनी बॉक्स घेऊन आला. दोघांनी मिळून उचलून आणला इतका जड. समोर चार हिरवे दिवे, वर मोठा स्टिकर १२ व्होल्ट १०० एएच, आणि चारही कोपऱ्यांतल्या स्क्रूवर सील, सील तुटलं तर वॉरंटी संपली. मग त्याने आमच्यासमोर मेन प्लग काढून दाखवला, पंप चालू, वेव्हमेकर चालू, चारही हिरवे दिवे लागलेले, दहा एक मिनिटं आम्ही सगळे बघत उभे होतो आणि त्याने प्लग परत लावला. ज्यांच्याकडे त्याने असे बॉक्स बसवले होते त्यांचे नंबरही दिले, त्यांना फोन केला तर ते म्हणाले हो, बसवलाय, काही तक्रार नाही. नंतर कळलं की त्यांच्याकडे बॉक्स बसवल्यापासून एकदाही जास्त वेळ लाइट गेलीच नव्हती. तक्रार कुठून असणार? बॅकअपबद्दल कोणी चांगलं बोललं तर आधी हे विचारायला पाहिजे की सगळ्यात जास्त वेळ लाइट कधी गेली होती आणि तेव्हा काय झालं.

आम्ही गेलो. फोटो रोज येत होते, निळ्या लाइटमध्ये कोरल मस्त फुललेले, खाली मेसेज सगळं ओके ताई. मग एका दुपारी सहज शेजारच्या काकूंशी फोनवर बोलणं झालं आणि त्या बोलता बोलता म्हणाल्या की काल रात्रीपासून लाइट नाहीये, पाण्याचे पण हाल आहेत. माझ्या पोटात गोळाच आला, कारण त्याच सकाळी त्याने पाठवलेल्या फोटोत टँकचे लाइट लख्ख चालू होते, आणि टँकचे लाइट आम्ही बॅकअपवर घेतलेच नव्हते, ते मेनवर होते. म्हणजे तो फोटो त्या दिवशीचा असूच शकत नव्हता.

मग मागचे सगळे फोटो मोठे करून बघत बसले. दोन वेगवेगळ्या दिवसांच्या फोटोंत एकच गोगलगाय काचेच्या त्याच कोपऱ्यात, तिच्यामागे शेवाळ खाल्ल्याचा पट्टाही अगदी तसाच. आणि एका फोटोत ओव्हरफ्लो बॉक्स (ज्यातून टँकचं पाणी खाली संपमध्ये जातं) उजवीकडे होता, आमच्या टँकमध्ये तो डावीकडे आहे. फोटो उलटा करून पाठवला होता, आरशात दिसतो तसा. आम्ही जायच्या आधीच त्याने एकदा बसून वेगवेगळ्या बाजूंनी भरपूर फोटो काढून ठेवले असणार आणि त्यातलेच रोज एक दोन पाठवत होता. त्याला फोन केला तर म्हणाला आत्ताच बघून आलो, सगळं चालू आहे. लाइट नाही असं काकू म्हणतायत म्हटल्यावर फोन कट, आणि मग बंदच.

नशीब की एक किल्ली काकांकडे होती. काका आत गेले आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. टँक एकदम शांत, कुठेच हालचाल नाही, पाण्यावर तेलकट साय आल्यासारखा थर. क्लाउनफिश अगदी वर तोंड लावून श्वास घेत होते, पिवळा टँग दगडाला टेकून आडवा पडला होता, गिल्स (कल्ले) जोरजोरात हलत होते. आणि वाळूवर जागोजागी दाण्यांचे ढीग. कारण ऑटो फीडर त्याच माणसाने बसवला होता, तो स्वतःच्या सेलवर चालतो, लाइट गेली तरी त्याच्या वेळेला खाणं टाकतच राहतो, आणि मासे काही खायच्या अवस्थेत नव्हते, ते सगळं तिथेच सडत होतं.

इथे एक गोष्ट नीट सांगते कारण या विकणाऱ्यांचा सगळा खेळ यावर चालतो. लाइट गेली की लोकांना आधी हीटरची काळजी वाटते, पण एवढं पाणी गार किंवा गरम व्हायला बराच वेळ लागतो. ऑक्सिजन त्याच्या कितीतरी आधी संपतो. २५ डिग्रीला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहू शकतो, समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात ६.७ च्या आसपासच, म्हणजे मरीन टँकची सुरुवातच कमी पुंजीवर होते. पाण्याचा वरचा थर हलत नसेल तर हवेतून नवीन ऑक्सिजन फार हळू मिसळतो, अंधारात कोरल आणि शेवाळ स्वतःच ऑक्सिजन वापरायला लागतात, लाइव्ह रॉक म्हणजे टँकमधल्या सच्छिद्र दगडांतले बॅक्टेरियाही वापरतात, आणि टँगसारखे सतत फिरणारे मासे सगळ्यात आधी जातात. त्यात खाणं सडलं तर अमोनिया, आणि मरीन टँकचा पीएच ८.१ ते ८.३ असा वरचा असल्याने तेवढाच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी ठरतो.

म्हणून काकांना पहिलं सांगितलं की फीडर काढा आणि जगने टँकमधलंच पाणी घेऊन वरून परत टँकमध्ये ओतत राहा, जरा उंचावरून, पृष्ठभाग फुटला पाहिजे. काका आणि त्यांचा मुलगा आलटून पालटून ते करत बसले, मग मुलाने कुठून तरी सेलवर चालणारा एअर पंप आणला. त्या दोघांचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण टँग वाचला नाही, फायरफिश आणि दोन्ही श्रिम्प गेले. ॲनिमोन आम्ही परत आलो तेव्हा गळून पडायला लागलं होतं, ते लगेच काढावं लागलं कारण ते टँकमध्ये विरघळलं की बाकीच्यांनाही घेऊन जातं. क्लाउनची जोडी जगली, झोआ आणि मशरूम या जातींचे कोरल टिकले, बाकीचे बरेच कोरल पांढरे पडले.

नंतर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून बॉक्स उघडला, उघडताना सगळं व्हिडिओवर घेतलं. आत काय तर साध्या कॉम्प्युटर यूपीएसमध्ये असतात तशा ७ एएचच्या दोन छोट्या बॅटऱ्या, वापरलेल्या, एकीची बाजू फुगलेली, उत्पादनाची तारीख खरवडून टाकलेली. आणि वजन यावं म्हणून फरशीच्या खाली घालतात तसे सिमेंटचे ब्लॉक, पट्ट्यांनी आवळून बसवलेले! समोरचे चार हिरवे दिवे बॅटरीला जोडलेलेच नव्हते, ते इन्व्हर्टरच्या आउटपुटला जोडले होते, म्हणजे इन्व्हर्टर चालू असेपर्यंत चारही दिवे लागणारच, बॅटरी भरलेली असो की संपत आलेली. इन्व्हर्टरही प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखा सरळ प्रवाह देणारा) सांगून स्वस्तातला मॉडिफाइड वेव्हवाला (ओबडधोबड प्रवाह देणारा) दिला होता, त्यावर एसी पंप गुरगुरतात आणि तापतात.

हिशोब बघा. १२ व्होल्ट ७ एएचच्या दोन बॅटऱ्या म्हणजे नव्या असत्या तरी १६८ वॉट अवर. पंप आणि वेव्हमेकर मिळून ७५ वॉट धरले आणि वर २०० वॉटचा हीटर, तर अर्ध्या तासात खेळ खलास. आणि खरी १०० एएचची बॅटरी असती तरी त्याचं १२ तासांचं बोलणं खोटंच होतं. १०० एएच म्हणजे १२०० वॉट अवर, लेड ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर खराब होते म्हणून वापरायला ६००, त्यात इन्व्हर्टरमध्ये थोडं जातं, उरले ५०० च्या आसपास. हीटर चालू असेल तर ते दोन तासांत संपतात. हीटर काढून टाकला तर सहा सात तास. आणि फक्त एक १० वॉटचा डीसी वेव्हमेकर, वरचा थर हलेल असा तोंड करून, इन्व्हर्टर न वापरता थेट बॅटरीवर चालवला तर त्याच ६०० मध्ये दोन दिवसांपेक्षा जास्त निघतात. त्यामुळे जो माणूस सगळंच्या सगळं चालेल असं सांगतो त्याला सरळ विचारा, किती वॉट आणि किती तास, कागदावर गुणाकार करून दाखव. खरं काम करणारा स्वतःच सांगतो की हीटर आणि स्किमर बॅकअपवर घेऊ नका.

आता तो काय म्हणतो ते पण सांगते. आधी म्हणाला लोड जास्त झाला, मग म्हणाला सील तुम्ही तोडलं, वॉरंटी गेली. बिलावर त्याने फक्त बॅकअप युनिट १ नग एवढंच लिहिलं होतं, ना एएच, ना बॅटरीचा प्रकार, ना तारीख, आणि आता त्याचाच आधार घेतोय की १०० एएच मी कुठे लिहून दिलंय. बिलावर व्होल्ट, एएच, बॅटरी लेड ॲसिड की लिथियम, सिरियल नंबर आणि उत्पादनाची तारीख लिहायला लावा. लिहून देत नसेल तर घेऊ नका. आणि सील केलेला बॉक्स तर नकोच, बॅटरी डोळ्याला दिसली पाहिजे, टर्मिनलवर मीटर लावता आलं पाहिजे.

दहा मिनिटांचा डेमो हा डेमो नाही. जेवढे तास सांगतोय तेवढे तास, तुम्ही घरात असताना, मेन स्विच बंद करून चालवून बघा, शक्यतो रात्री, आणि पैशाचा शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या. लाइट परत आल्यावर काय होतं तेही बघून घ्या, संप ओसंडतो का, पंप आपोआप चालू होतो का, स्किमर कपातून बाहेर सांडतो का, ट्रिप झालेला ब्रेकर तसाच खाली राहतो का. कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) असेल तर बरेच तास बंद राहिल्यावर तो तसाच चालू करायचा नाही, आतलं पाणी कुजलेलं असतं, आधी ओतून टाका.

रोज बघायला येणाऱ्याचं म्हणाल तर फोटो नको, व्हिडिओ कॉल. ते जमत नसेल तर त्या त्या दिवशी सकाळी तुम्ही काहीतरी सांगा, की आज थर्मामीटरशेजारी चमचा धरून फोटो काढा, उद्या दुसरं काही. जुन्या फोटोंमधून ते येऊ शकत नाही. वायफाय कॅमेऱ्यावर विसंबून राहायचं असेल तर लाइट गेल्यावर राउटरही बंद पडतो हे धरून चाला, अलार्म असा पाहिजे की घरून सिग्नल यायचा थांबला की तुम्हाला मेसेज येईल. लाइट गेली की आपोआप चालू होणारा बॅटरीचा एअर पंप मिळतो, तो वेगळा लावून ठेवा, कोणाच्याही बॉक्सला न जोडता. ऑटो फीडर कमीत कमी खाण्यावर ठेवा, धडधाकट मोठे मासे काही दिवस कमी खाऊन व्यवस्थित राहतात. आणि एक किल्ली अशा माणसाकडे द्या ज्याचा त्या टेक्निशियनशी काही संबंध नाही.

हे ओळखीच्या टँकवाल्यांना सांगितल्यावर आणखी दोघांनी आपापले बॉक्स उघडले, एकाकडे हेच निघालं, ब्लॉकसकट. दुसऱ्याच्या बॉक्समध्ये बॅटरी खरी होती पण कधीच नीट चार्ज होत नव्हती. तुमच्याकडेही सील केलेला काळा बॉक्स असेल तर उघडून बघा, उघडताना व्हिडिओ काढा, त्याचे मेसेज आणि पाठवलेले फोटो डिलीट करू नका. चॅटवर आलेल्या फोटोंमधून मूळ तारखेची माहिती बहुतेक वेळा निघून गेलेली असते, त्यामुळे तो फोटो कोणत्या दिवशी किती वाजता आला तो मेसेजच पुरावा म्हणून धरावा लागतो, स्क्रीनशॉट काढताना वेळ दिसेल असा काढा. आणि त्या भागात लाइट कधी गेली कधी आली हे वीज कंपनीकडून लेखी मागून घ्या, आम्हालाही ते मिळालंय आणि सध्या तक्रारीत तेच आणि लाइट चालू असलेला तो फोटो शेजारी शेजारी लावलेत.